जमिनीचा दर ठरवणारा अधिकारी कोणाचा?

रस्ता रुंद करायचा असो, नदीवर नवा पूल बांधायचा असो की एखाद्या सरकारी संस्थेला जागा हवी असो, गोव्यातील कोणत्याही गावात भूसंपादनाची अधिसूचना निघाली की पहिला वाद प्रकल्प हवा की नको याचा होतो. ग्रामसभा गाजतात, निवेदने दिली जातात, विधानसभेत प्रश्न विचारले जातात. लोकशाहीत हे व्हायलाच हवे. मात्र या गदारोळात एक प्रश्न हमखास मागे पडतो. प्रकल्पाचा निर्णय होऊन लोकांचे लक्ष दुसरीकडे वळले की तो एका कार्यालयात गाजावाजा न होता निकालात निघतो. चौरस मीटरला दर किती, तो कोणी ठरवला आणि कशाच्या आधारे? ज्या कुटुंबाची दोन-तीन पिढ्यांनी कसलेली शेती जाते, त्याच्या पुढच्या पिढीचे भवितव्य या एका आकड्यावर अवलंबून असते.

हा आकडा ठरवणारा अधिकारी लोकांना दिसतो तो निवाड्याखालच्या सहीपुरता. त्याचे स्थान मोठे अवघड आहे. पगार सरकारचा, जमीन घेणारे सरकार, पैसे देणारेही सरकार. आणि तरीही कायद्याची अपेक्षा अशी की राजीखुशीने विकणारा आणि राजीखुशीने घेणारा यांच्यात जो भाव ठरला असता, तोच त्याने शोधून काढावा. दुसऱ्या बाजूला, तीच जमीन कोणी खासगी विक्रीने दुसऱ्याला दिली तर मुद्रांक शुल्क वसूल करणारे खाते तिचे मूल्य कमी दाखवले जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसते. कर घेताना जमीन महाग आणि भरपाई देताना स्वस्त, असा मोह कोणत्याही सरकारला पडू शकतो. या मोहाला आवर घालण्याचे काम मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचे आहे. तो ते करू शकेल अशी व्यवस्था आपण उभी केली आहे का, हा आजचा खरा प्रश्न आहे.

अधिकारी एक नव्हे, साखळी

जमिनीचे मूल्य ठरवणारा एकच एक अधिकारी नसतो. पहिली कडी म्हणजे तालुक्याचा उपनिबंधक. विक्रीपत्र नोंदणीसाठी त्याच्यासमोर येते, तेव्हा त्यात लिहिलेली किंमत सरकारने अधिसूचित केलेल्या किमान दराशी तो ताडून पाहतो. किंमत खरी नसल्याचा संशय घेण्यास कारण असेल, तर १८९९ च्या भारतीय मुद्रांक कायद्यात राज्यांनी दुरुस्तीने आणलेल्या कलम ४७-अ नुसार ते प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. ही दुसरी कडी. जिल्हाधिकारी पक्षकारांना म्हणणे मांडण्याची संधी देतात, चौकशी करतात, बाजारमूल्य ठरवतात आणि कमी भरलेले शुल्क वसूल करण्याचा आदेश देतात.

तिसरी कडी आयकर खात्याची. मुद्रांकासाठी धरलेले मूल्य विक्रीपत्रातील किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक असेल, तर विकणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात किती पैसे आले हे न पाहता मुद्रांकाचे मूल्य हीच विक्रीची किंमत मानून भांडवली नफा मोजला जातो. घेणाऱ्याच्या बाबतीत तो फरक उत्पन्न समजून त्यावर कर लागू शकतो. विकणाऱ्याला हे मूल्य मान्य नसेल, तर ते प्रकरण आयकर खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी तो करू शकतो.

चौथी आणि सर्वांत वजनदार कडी म्हणजे भूसंपादन अधिकारी. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यातील कलम २६ नुसार बाजारमूल्य ठरवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची, म्हणजे व्यवहारात बहुतेकदा त्यांनी वा सरकारने नेमलेल्या उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याची असते. निवडणुकीची कामे, कायदा-सुव्यवस्था, महसुली अपिले हे सारे सांभाळून हा अधिकारी जमिनीचे मूल्यही ठरवतो. मूल्यांकन हे स्वतंत्र शास्त्र आहे, त्याला वेळ आणि प्रशिक्षण लागते, याचा विचार आपल्याकडे अभावानेच होतो.

एकच आकडा, तीन कामे

या चारही कड्यांना जोडणारा धागा म्हणजे सरकारने अधिसूचित केलेला किमान दर. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या दराचे महत्त्व आजच्याइतके नव्हते. १९९४ मध्ये जवाजी नागनाथम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते, की मुद्रांक शुल्काच्या वसुलीसाठी ठेवलेली दरांची नोंदवही ही भूसंपादनाच्या भरपाईचा पाया होऊ शकत नाही. ती प्रशासनाच्या सोयीची यादी आहे, प्रत्येक जमिनीच्या गुणदोषांचा विचार करून काढलेले मूल्य नव्हे, असा त्यामागचा तर्क होता.

२०१३ च्या कायद्याने चित्र पालटले. कलम २६ नुसार मुद्रांकासाठी ठरवलेले मूल्य, जवळपासच्या तत्सम जमिनींच्या विक्रीची सरासरी किंमत आणि काही प्रकल्पांत संमतीने ठरलेली रक्कम, यांपैकी जे सर्वांत अधिक असेल ते बाजारमूल्य धरायचे असते. म्हणजे न्यायालयाने जी यादी पुरेशी मानली नव्हती, ती आता भरपाईची पायाभूत पातळी झाली. तिच्यापेक्षा खाली उतरता येत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगली तरतूद आहे. पण तिची उपयुक्तता ती यादी किती ताजी आणि किती प्रामाणिक आहे यावरच ठरते.

आज हा एक आकडा तीन कामे करतो. मुद्रांक शुल्क त्यावर आकारले जाते, आयकराची तुलना त्याच्याशी होते आणि भरपाईचा तळ तोच ठरवतो. दर वाढवण्याचा प्रस्ताव आला की बांधकाम व्यावसायिक आणि घर घेऊ पाहणारे नाराज होतात. त्यांची नाराजी समजण्याजोगी आहे. दर खरोखरच बाजारापेक्षा वर गेला, तर वाट नसलेला भूखंड, वारसांचा दावा चालू असलेली जमीन किंवा मुंडकाराचे घर असलेली मालमत्ता विकणाऱ्या सामान्य माणसाला न मिळालेल्या पैशांवर कर भरण्याची वेळ येते. परंतु दर गोठवून ठेवला, तर त्याचा फटका आज कोणालाच जाणवत नाही. तो जाणवतो काही वर्षांनी, भूसंपादनाची नोटीस हाती पडलेल्या शेतकऱ्याला. ज्याचे नुकसान होणार आहे तो दर ठरवताना समोर नसतो, म्हणून त्याच्या बाजूने बोलणाराही कोणी नसतो.

लपवलेला एक रुपया

यात दोष केवळ सरकारचा नाही. ‘पांढरे किती, काळे किती’ हा प्रश्न जमिनीच्या व्यवहारात किती सहजपणे विचारला जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. विक्रीपत्रात किंमत कमी लिहिली की दोघांचाही फायदा झाला असे घेणारा-देणारा समजतात. सरकारचे थोडे शुल्क बुडाले, एवढेच त्यांच्या लेखी घडते. प्रत्यक्षात त्या दिवशी त्यांनी सबंध गावाच्या जमिनीचा खोटा पुरावा तयार करून ठेवलेला असतो.

हे कसे घडते ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एखाद्या गावात जमिनीचा खरा भाव चौरस मीटरला २,००० रुपये आहे आणि सरकारचा अधिसूचित दर १,००० रुपयांहून अधिक नाही. अधिसूचनेपूर्वीच्या तीन वर्षांत तेथे तत्सम जमिनीची दहा विक्रीपत्रे नोंदली गेली. त्यांपैकी दोघांनी खरी किंमत लिहिली आणि आठ जणांनी १,००० रुपयांचा दर दाखवला. कायदा करणाऱ्यांना ही सवय ठाऊक होती, म्हणून सगळ्या विक्रीपत्रांची सरासरी न काढता त्यांतील वरच्या किमतीची निम्मी विक्रीपत्रेच विचारात घ्यावीत, अशी तरतूद त्यांनी केली. त्यानुसार वरची पाच घेतली, तर दोन २,००० ची आणि तीन १,००० ची होतात. सरासरी येते १,४००. चाळणीने थोडी दुरुस्ती केली, तरीही प्रत्येक चौरस मीटरमागे ६०० रुपये हरवलेच.

आता पुढचा हिशेब. या बाजारमूल्याला ग्रामीण भागात एक ते दोन या मर्यादेत सरकारने ठरवलेल्या गुणांकाने गुणले जाते, शहरी भागात गुणांक एकच असतो. त्यानंतर त्या रकमेइतकीच, म्हणजे शंभर टक्के दिलासा रक्कम वर मिळते. १८९४ च्या जुन्या कायद्यात हे प्रमाण १९८४ च्या दुरुस्तीनंतरही ३० टक्केच होते. नव्या कायद्याची ही मोठी देणगी आहे. पण गुणाकार दोन्ही बाजूंनी चालतो. पायाभूत दरात लपवलेला एक रुपया भरपाईत गुणांकानुसार दोन ते चार रुपयांनी कमी होतो. वरील उदाहरणात हजार चौरस मीटर जमीन गेलेल्या शेतकऱ्याचे नुकसान गुणांक एक धरला तर १२ लाख रुपये होते. गुणांक दोन असेल तर २४ लाख. बाजारमूल्यावर ठरावीक काळासाठी मिळणारी वार्षिक १२ टक्क्यांची रक्कमही त्याच प्रमाणात घटते. शेजाऱ्याने काही हजारांचे मुद्रांक शुल्क वाचवले आणि त्याचे बिल आले भलत्याच्या दारात.

बाजारच नसलेली शेती

गोव्यापुरता आणखी एक पेच आहे. राज्यात २०२३ मध्ये शेतजमीन हस्तांतरण निर्बंध कायदा झाला. भातशेती शेतकरी नसलेल्या व्यक्तीच्या हाती जाऊ नये, हा त्याचा हेतू. दिल्ली-मुंबईचा पैसा शेतात ओतला जात असताना असा कायदा आवश्यक होता, यात शंका नाही. त्याआधीही कूळवहिवाट, कोमुनिदादची मालकी आणि वारसांचे अविभक्त हिस्से यांमुळे भातशेतीची खुली विक्री फारशी होत नव्हतीच. आता ती आणखी कमी होणार हे उघड आहे.

विक्री कमी झाली की मूल्याचा पुरावाही कमी होतो. भूसंपादन अधिकाऱ्यापुढे तीन वर्षांतली विक्रीपत्रे ठेवली गेली, तर त्यांत बहुसंख्य वस्तीच्या झोनमधील लहान भूखंडांची असतील. त्यांचा दर भातशेतीला जसाच्या तसा लावता येत नाही, असे सांगितले जाईल. तत्सम जमिनीची, म्हणजे शेताची विक्रीपत्रे मागितली, तर ती नाहीत किंवा असलीच तर निर्बंधांमुळे दबलेल्या किमतीची. सरकारने शेतीचे रक्षण करण्यासाठी खासगी खरेदीदाराला दूर ठेवले आणि त्याच निर्बंधामुळे सरकारला स्वतःला ती शेती स्वस्तात मिळाली, असे घडले तर कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे होईल.

कायद्याने ही शक्यता आधीच ओळखली आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या भागात जमिनीच्या व्यवहारांवर दुसऱ्या कायद्याने निर्बंध आहेत, किंवा तीन वर्षांत तत्सम जमिनीची विक्रीपत्रेच उपलब्ध नाहीत, आणि त्यामुळे बाजारमूल्य ठरवता येत नाही, तेथे लगतच्या भागातील तशाच जमिनीच्या मूल्याच्या आधारे राज्य सरकारने किमान दर निश्चित करावा, असे कलम २६ मध्येच म्हटले आहे. अडचण अशी की गोव्यातील निर्बंध एखाद्या गावापुरते नाहीत, ते राज्यभर आहेत. पेडण्यातील शेताचा दर ठरवायला लगतच्या बार्देशात पाहावे, तर तेथेही तीच स्थिती. तेव्हा भातशेतीचा किमान दर कोणत्या निकषांवर काढायचा, हे धोरण म्हणून ठरवावे लागेल. ते एका उपजिल्हाधिकाऱ्याच्या मर्जीवर किंवा चतुराईवर सोडता येणार नाही.

खाजन शेतीचे उदाहरण घ्यावे. सातबारासारख्या महसुली उताऱ्यात, म्हणजे आपल्याकडच्या एक-चौदाच्या उताऱ्यात, ती निव्वळ शेतजमीन म्हणून दिसते. पण खाजनाचे मूल्य केवळ भाताच्या एका पिकात नसते. पिढ्यान्‌पिढ्या राखलेले बांध, भरती-ओहोटीचे पाणी अडवणारी मानस, तिथली मासळी आणि सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून केलेली डागडुजी यांवर ते उभे असते. मधूनच रस्त्याचा भराव गेला, तर गेलेल्या जमिनीबरोबर उरलेल्या जमिनीचेही नुकसान होते. कायदा या नुकसानीचाही विचार करण्यास सांगतो, पिके-झाडे आणि बांधकामे यांचे मूल्य काढण्यासाठी तज्ज्ञांची मदत घेण्याची मुभा देतो. प्रश्न असा की अधिकारी शेतात उतरून हे पाहतो का, की नकाशावर रेघ ओढून चौरस मीटर मोजतो.

झोन बदलला की मूल्य बदलते

या चित्राची दुसरी बाजूही आहे. गोव्यात जमिनीचे मूल्य सर्वाधिक बदलते ते नगरनियोजन खात्याच्या एका शिक्क्याने. ऑर्चर्ड किंवा शेती म्हणून नोंद असलेला भूखंड वस्तीच्या झोनमध्ये गेला की त्याचा भाव एका रात्रीत कित्येक पट होतो. नगर व ग्रामनियोजन कायद्यातील कलम १७(२) आणि ३९-अ यांवरून गेली काही वर्षे जो संघर्ष चालू आहे, त्याच्या मुळाशी हेच आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालील नियम रद्द ठरवले, तेव्हा चर्चा पर्यावरणाची आणि नियोजनाची झाली. मूल्यांकनाच्या अंगाने तिच्याकडे कोणी पाहिले नाही.

वास्तविक एका बाजूला ज्याला झोन बदलून मिळतो त्याच्या जमिनीचे मूल्य सरकारच्या निर्णयाने वाढते आणि ते वाढीव मूल्य त्याच्या खिशात जाते. दुसऱ्या बाजूला ज्याने शेत शेत म्हणूनच राखले, त्याची जमीन घेताना ‘ही तर शेती’ म्हणून कमी दर लावला जातो. ज्याने नियम पाळले त्याला दंड आणि ज्याने बदलून घेतले त्याला बक्षीस, असा संदेश यातून जातो. मूल्य ठरवणारा अधिकारी हा अन्याय एकटा दूर करू शकत नाही. पण त्याच परिसरातील झोन बदललेल्या जमिनींचे भाव काय झाले आणि संपादित शेतीला रस्ता, वस्ती, पाणी यांची जवळीक किती आहे, हे निवाड्यात नोंदवणे त्याच्या हातात नक्कीच आहे.

मात्रिजपासून आजपर्यंत

गोव्याला मूल्यांकन नवे नाही. आजही जुन्या मालमत्तेच्या विक्रीपत्रात भूवर्णन क्रमांक, मात्रिज क्रमांक आणि सर्व्हे क्रमांक असे तीन क्रमांक एकामागोमाग येतात. मात्रिज ही पोर्तुगीज काळातील करवसुलीची नोंद. मालमत्तेवर कर बसवण्यासाठी ती ठेवली जाई, मालकी सिद्ध करण्यासाठी नव्हे. आजच्या अधिसूचित दरांची जातकुळीही तीच आहे. कराच्या सोयीसाठी जन्मलेला आकडा हळूहळू हक्काचा आकडा होऊन बसतो, हा अनुभव आपण पूर्वीही घेतला आहे.

त्याच परंपरेतील वारसा वाटणीची इन्व्हेंतार प्रक्रिया मात्र एक चांगला धडा देते. मयताच्या मालमत्तेची यादी होते, तिचे मूल्य नोंदले जाते, ते मान्य नसेल तर हिस्सेदार हरकत घेऊन फेरमूल्यांकन मागू शकतो आणि हिस्सेदारांत बोली लागून मालमत्तेला खरा भाव मिळू शकतो. म्हणजे मूल्य ठरवताना ज्यांचे हित गुंतले आहे त्यांना टेबलाशी बसवायचे, हे तत्त्व आपल्या मातीत रुजलेले आहे. भावंडांच्या वाटणीत जी काळजी घेतली जाते, ती सरकार आणि शेतकरी यांच्या व्यवहारात का घेतली जाऊ नये?

निवाडा की देकार?

भूसंपादन अधिकाऱ्याच्या आदेशाला आपण ‘निवाडा’ म्हणतो. या शब्दाने लोकांची मोठी फसगत होते. न्यायाधीशाने दोन्ही बाजू ऐकून दिलेला तो निर्णय असावा, असे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये पुण्याच्या जमिनीसंबंधीच्या चिमणलाल हरगोविंददास खटल्यात जुन्या कायद्याखालील मूल्यांकनाची तत्त्वे घालून दिली, तेव्हा हे स्पष्ट केले होते, की हा निवाडा म्हणजे सरकारचा देकार आहे. तो न्यायालयीन निकाल नव्हे. देकार अपुरा आहे असे ज्याला वाटते, त्याने वादी म्हणून पुरावा देऊन अधिक मूल्य सिद्ध करायचे असते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे देकार स्वीकारण्याची सक्ती नाही, पण तो नाकारण्याची रीत पाळावी लागते. रक्कम उचलताना निषेध नोंदवून उचलली नाही, तर पुढे अधिक भरपाई मागण्याचा हक्क जातो. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याने सहा आठवड्यांच्या आत प्राधिकरणाकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करायची असते. इतरांसाठी नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल ती लागू होते. शेजाऱ्याला प्राधिकरणाने वाढीव दर दिला, तर त्याच अधिसूचनेतील ज्यांनी दाद मागितली नव्हती त्यांनाही त्या निर्णयापासून तीन महिन्यांत फेरनिश्चिती मागता येते. या मुदती कितीतरी शेतकऱ्यांना माहीत नसतात. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन गेली असेल, तर वाट वेगळी आहे. तेथे केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. देकार प्रामाणिक असेल तर खटले कमी होतात. सुरुवातीलाच कमी दर ठरवून, ‘हवे तर न्यायालयातून वाढवून घ्या’ असे शेतकऱ्याला सुचवणे म्हणजे पैसे वाचवणे नव्हे. वर्षानुवर्षे व्याज चढते, वकिलांवर दोन्ही बाजूंचा खर्च होतो आणि जो म्हातारा शेतकरी न्यायालयाची पायरी चढू शकत नाही, तो कमी रकमेवर समाधान मानतो. भरपाई योग्यतेवर ठरण्याऐवजी ती लढण्याच्या ऐपतीवर ठरू लागते.

शेजारी काय करतात

शेजारच्या राज्यांची पद्धत निर्दोष आहे असे नाही, पण तिच्यातून शिकण्यासारखे आहे. महाराष्ट्रात नगररचना व मूल्यनिर्धारण विभागाच्या अभ्यासावर आधारित वार्षिक मूल्यदर तक्ते, म्हणजे लोकांच्या तोंडी रूढ झालेला रेडी रेकनर, १ एप्रिलपासून लागू होतात. मूल्यांकनासाठी स्वतंत्र तांत्रिक यंत्रणा असणे, हा त्याचा गुण. परंतु २०२३ आणि २०२४ मध्ये दर जैसे थे ठेवून १ एप्रिल २०२५ पासून वाढवले गेले; मधल्या २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका होत्या. तांत्रिक समितीने दर काढला तरी तो लागू कधी करायचा हे राजकारण ठरवते, एवढे यातून दिसते.

कर्नाटकात, म्हणजे बेळगाव-खानापूरच्या वाचकांच्या परिचयाच्या व्यवस्थेत, मुद्रांक कायद्यानेच केंद्रीय मूल्यांकन समितीची तरतूद केली आहे. तालुका पातळीवर उपसमित्या असतात, मार्गदर्शक दरांचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि लोकांच्या हरकती मागवल्या जातात. १ ऑक्टोबर २०२३ पासून तेथे दरांची फेररचना झाली. हरकतींची मुदत थोडी असते, त्यांचा विचार किती होतो हा प्रश्न आहेच. तरी दर ठरण्यापूर्वी नागरिकाला विचारले जाते, ही रीत महत्त्वाची.

काय व्हायला हवे

पहिली अपेक्षा वेळेची. कोणत्याही भागात भूसंपादन सुरू करण्यापूर्वी तेथील जमिनीचे मूल्य प्रचलित बाजारभावानुसार सुधारून अद्ययावत करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी पावले उचलावीत, असे कलम २६ स्पष्टपणे सांगते. बाजारमूल्य मोजले जाते ते प्राथमिक अधिसूचनेच्या तारखेला. त्यानंतर दर सुधारणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. म्हणून प्रत्येक अधिसूचनेसोबत त्या गावाचे दर शेवटचे कधी सुधारले, हे छापणे बंधनकारक करावे.

दुसरी अपेक्षा कारणांची. एखादे विक्रीपत्र प्रत्यक्ष बाजारभाव दाखवत नाही, असे वाटल्यास ते बाजूला ठेवण्याचा अधिकार कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. हा अधिकार आवश्यक आहे, कारण संपादनाची कुणकुण लागताच फुगवलेल्या किमतीची विक्रीपत्रे नोंदणारेही असतात. पण कोणती विक्रीपत्रे पाहिली, कोणती वगळली आणि का, याचा तक्ता निवाड्यासोबत कोंकणी आणि मराठीत मिळाला पाहिजे. कारण न देता वापरलेला अधिकार प्रामाणिक असला तरी तो प्रामाणिक दिसत नाही.

तिसरी अपेक्षा स्वायत्ततेची. जे खाते प्रकल्प राबवते त्याच्या वेळापत्रकाचा दबाव दर ठरवणाऱ्यावर असू नये. मूल्यांकनासाठी प्रशिक्षित अधिकाऱ्यांचा वेगळा कक्ष, त्यांना ठरावीक कार्यकाळ आणि त्यांच्या अहवालाला सार्वजनिक दस्तऐवजाचा दर्जा, एवढे करणे बारा तालुक्यांच्या राज्याला कठीण नाही. भातशेती आणि खाजन यांच्या किमान दराचे निकष याच कक्षाने मांडावेत आणि त्यावर हरकती मागवाव्यात.

चौथी अपेक्षा आपल्याकडून आहे. विक्रीपत्रात खरी किंमत लिहिणे हा केवळ कर भरण्याचा प्रश्न नाही, तो गावाच्या जमिनीचा भाव राखण्याचा प्रश्न आहे. आणि नोटीस आली की दावा दाखल करताना झाडे, बांध, विहीर, वाट, उरलेल्या जमिनीचे होणारे तुकडे हे सारे कागदावर मांडायला हवे. अधिकाऱ्यासमोर जे ठेवले नाही, ते त्याने पाहिले नाही म्हणून नंतर त्याला दोष देता येत नाही.

सरकारी अधिकारी सरकारचा असतो, हे खरे. पण मूल्य ठरवायला बसला की त्याने काही काळ कोणाचाच नसावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. ती पुरी होते की नाही, हे जमीन गेल्यावर तपासण्यात अर्थ नाही. पुढची अधिसूचना कोणत्या गावात निघेल हे आज कोणालाच ठाऊक नाही. म्हणूनच त्या गावाच्या जमिनीचा दर आज काय लिहून ठेवला आहे, हे प्रत्येक पंचायतीने एकदा उघडून पाहावे.